विषय: ९ फेब्रुवारीचं पोस्टर – बस ठेवायची की काढायची? (आज रात्री ९ पर्यंत सांगा)

सचिव:
मंडळी, ९ फेब्रुवारीचा आपला कार्यक्रम बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीच्या नंतरच्या ‘विंग्ज’ बँडच्या पहिल्या दौऱ्यावर आहे. त्याचं पोस्टर आज छापायला जायलाच हवं. दुपारी नानांचा फोन आला, बसचं चित्र चुकलंय म्हणून. ज्यांना काही म्हणायचंय त्यांनी इथेच लिहा. मी कामावर आहे, फोन घेता येत नाही.

नाना:
पॉल मॅकार्टनीची ती रंगवलेली डबलडेकर युरोपच्या दौऱ्यातली. तो दौरा जुलै १९७२ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाला आणि ऑगस्टमध्ये पश्चिम बर्लिनला संपला. आपला कार्यक्रम त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतल्या इंग्लंडच्या दौऱ्यावर आहे. तेव्हा बस नव्हती, व्हॅन होती. पोरंबाळं, कुत्री, नवा कोरा बँड, सगळे निघाले. हॉटेल ठरलेलं नाही, हॉल ठरलेला नाही. विद्यापीठ गाठायचं आणि विचारायचं, इथे वाजवू का? ९ तारखेला दुपारी नॉटिंगहॅम विद्यापीठात ‘विंग्ज’ पहिल्यांदा लोकांसमोर वाजले. मी दाराशी उभा होतो. तिकीट ४० पेन्स. दहा-दहाची चार नाणी मुठीत धरून घामेजली होती. दशमान चलन येऊन वर्ष होत आलं होतं, पण आमची घरमालकीण अजून जुन्या हिशोबाने आठ शिलिंगच म्हणायची.

खजिनदार:
४० पेन्सवरून आठवलं. आपलं तिकीट ५ पौंडच राहील. कोजागिरीला दूध उरलं, पैसे नाही उरले. सभेत ठरलंय, पुन्हा चर्चा नको.

माई:
खजिनदार म्हणतात ते बरोबर. नाना, त्या दिवसांतला संप विसरलात का? ९ जानेवारीपासून कोळसा खाणकामगार संपावर होते आणि सरकारने आणीबाणी जाहीर केली तीही नेमकी ९ फेब्रुवारीला. मग वीज जायला लागली. मी मेणबत्तीच्या उजेडात थालीपीठं थापायची, कडा करपली ते वासावरून कळायचं. बरं, साबुदाणे वडे मी करते, पण साबुदाणा आदल्या रात्री कोणीतरी भिजवून द्या. माझा हात अजून दुखतो.

युवा विभाग:
साबुदाणा आम्ही भिजवू. पण पोस्टर आमच्याकडे दिलं होतं, तेव्हा बदलायचं तर आधी आम्हाला विचारायला हवं होतं. बस लोक ओळखतात. साधी व्हॅन बघून कोणाला काय कळणार?
दुसरं, शेवटी आमचा बँड वाजवणार आहे. आमची स्वतःची गाणी सहाच आहेत. समितीने सांगितलंय, उरलेला वेळ जुन्या लोकप्रिय गाण्यांनी भरा. कोणती घेऊ?

नाना:
पोरांनो, विचारलं नाही ही माझी चूक. पण जुनी गाणी घेऊ नका. बीटल्स फुटून दोनच वर्षं झाली होती. त्यांचं एक गाणं म्हटलं असतं तरी हॉल डोक्यावर घेतला असता. पॉलने एकही घेतलं नाही. गिटारवाला हेन्री मॅककलॉक बँडमध्ये येऊन जेमतेम महिना झाला होता, पॉलची बायको लिंडा कीबोर्ड नव्याने शिकलेली. गाणी कमी पडली तेव्हा वाजवलेलीच पुन्हा वाजवली. तुम्ही सहाच्या सहा दोनदा वाजवा. मी दोन्ही वेळा पुढे बसेन.

खजिनदार:
दोनदा वाजवलं तर हॉल साडेनऊला रिकामा होईल का? दहानंतर जास्तीचं भाडं लागतं.

युवा विभाग:
होईल. ४५ मिनिटांत आटोपतो. नाना, आभार. व्हॅन काढतोय, मागचं दार उघडं आणि आत ढोलकीसुद्धा. अर्ध्या तासात पाठवतो.

सचिव:
मिळालं, छापायला दिलं. समितीतर्फे मी सांगते, सहा गाणी दोनदा. माई, वडे १२० की १५०?