मदत हवी आहे: मंडळाची निवडणूक मोबाईलवरून घ्यायची आहे, अ‍ॅप सुचवा

खाडीकाठ:
ग्रामविकास मंडळाची निवडणूक मे महिन्यात आहे. सभासद २८६, निम्मे मुंबईत. गेल्या खेपेला ऑनलाइन फॉर्म फिरवला, मतं निघाली ३०१. त्यावरून अजून दोन वाड्या बोलत नाहीत. या वेळी नीट अ‍ॅप हवंय. रविवारी मीटिंग आहे, लवकर सांगा.

पोफळी:
अ‍ॅप नंतर. मंडळ नोंदलेलं कुठे? घटनेत मतदानाचं काय लिहिलंय? फॉर्मला ‘एकदाच उत्तर’ लावलं होतं का?

खाडीकाठ:
लावलं होतं. नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे. घटना जुन्या सेक्रेटरींकडे असेल. अ‍ॅपचं सांगा ना.

सड्यावरचा:
ती मर्यादा खात्याला लागते, माणसाला नाही. ज्याची तीन ईमेल खाती, त्याची तीन मतं. शिवाय उत्तरांचा तक्ता ज्याच्या हातात, तो हवा तो चौकोन बदलू शकतो. गुप्ततेचं तर विचारूच नका. प्रत्येक उत्तरापुढे तारीख-वेळ पडते, सेकंदासकट. लोक ग्रुपवर ११:४२ ला ‘झालं माझं’ टाकतात. दोन्ही शेजारी ठेवले की कोणी कोणाला दिलं ते उघड.

फॉर्मच वापरायचा असेल तर कोडची पाकिटं करा. ८ अक्षरी २८६ कोड छापा (ओ-शून्य, आय-एक वगळून, नाहीतर आजोबा तिथेच अडकतील), बंद पाकिटात घाला, टोपलीत ढवळा. सभासदाने सही करून कुठलंही एक उचलायचं. कोणाला कुठला कोड गेला याची यादी करायचीच नाही. उरलेली पाकिटं सर्वांसमोर फाडा. मोजणीनंतर कोड आणि त्यापुढचं मत फळ्यावर लावा, जो तो आपलं तपासेल.

दर्यावर्दी:
आणि उमेदवार दारात येऊन म्हणेल, ‘कोड दाखव, फळ्यावर बघतो.’ मत विकायची सोयच झाली ही! हेलिऑस वापरा. ऑनलाइन मतदानाची मुक्त प्रणाली आहे, मत तुमच्या फोनवरच कुलूपबंद होतं, पोच म्हणून एक सांकेतिक ओळ मिळते. ती यादीत दिसते, पण मत कोणाला ते त्यावरून कळत नाही. उघडायच्या किल्ल्या दोन्ही गटांच्या माणसांकडे वाटा. मात्र एकाची किल्ली हरवली तर निकालच निघत नाही, प्रती ठेवा.

सड्यावरचा:
त्याला प्रत्येकाचा स्वतःचा ईमेल लागतो. पाच म्हाताऱ्यांचे ईमेल एकाच नातवाच्या फोनवर असले की मतं नातवाची. तुमचं कुलूप तिथे काय करणार?

कंट्रोल_युनिट:
ईव्हीएमबद्दल उगाच शंका घेतात. एका बॅलट युनिटवर १६ बटणं, मत कोणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी ७ सेकंद दिसते. प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून जुळवतात. मतदानाआधी प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचा मॉक पोल होतो.

पोफळी:
ईव्हीएमचं कोणी विचारलंय? गावच्या मंडळाला मशीन देणार कोण? पण मॉक पोल मात्र उचला. काहीही वापरलंत तरी आधी दहा खोटी मतं घाला, मोजून दाखवा, पुसा, मग सुरू करा.

गजालवाडी:
मोबायल कित्याक व्हयो? चिठ्ये घाला नि मोजा. सड्याक रेंज तरी खंय गावता?

पोफळी:
गजालवाडीशी सहमत. स्थळप्रतीवर, म्हणजे मतपत्रिका फाडून दिल्यावर आपल्याकडे उरणाऱ्या तुकड्यावर, सही घ्या, मतपत्रिकेवर क्रमांक नको, फक्त मागे अधिकाऱ्याची सही. मुंबईत वेगळं केंद्र ठेवलंत तर कोण कुठे मत देणार ते यादीवर आधीच ठरवा, म्हणजे दोनदा नाही. मुंबईची पेटी तिथे उघडायची नाही. कागदी पट्टीवर दोन्ही गटांच्या सह्या, वर लाख, गावात आणून गावच्या मतांत मिसळून मोजायची. नाहीतर मुंबईकर विरुद्ध गाववाले असा आकडा तयार होतो. निकालानंतर ९० दिवसांत धर्मादायकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याचा अहवाल, द्या. नोटिशीची पोच आणि हजेरीपट जपून ठेवा, हरकत आली की वाद तिथेच अडतो.

खाडीकाठ:
घटना मिळाली. ‘सभेस हजर सभासदांमधून गुप्त मतदानाने’ असं आहे. आता?

पोफळी:
मग मोबाईल गेला, मुंबईचं केंद्रही गेलं. ती हवी असतील तर आधी घटनादुरुस्ती, आणि ती या मे महिन्यात होत नाही. सभा गावात, पेटी गावात.

दर्यावर्दी:
मग तारीख आत्ताच ग्रुपवर टाका. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, मे महिन्याचं काही मिनिटांत संपतं. मुंबईकर आले नाहीत तर पुढचं भांडण त्यावरून.

गजालवाडी:
जेवणाचा कोण बघता?