अंशशोधन, पडताळणी आणि पासंग

मृण्मयी_भा : हरितगृह वायू मोजणाऱ्या उपग्रहांवरचा एक लेख मराठीत करतेय. 'कॅलिब्रेशन' आणि 'व्हॅलिडेशन' ही जोडी पानोपानी येते. दोन्हीकडे 'अंशशोधन' चालेल का?

खडूफळा : मापांकन लिहा आणि मोकळ्या व्हा.

वर्णपट : नका होऊ मोकळ्या, दोन्ही कामं वेगळी आहेत. नासाचा ओसीओ-२ हा कार्बन डायऑक्साइड मोजणारा उपग्रह घ्या, २०१४ पासून फिरतोय. जमिनीवरून परतणारा सूर्यप्रकाश तो वर्णपटाच्या तीन पट्ट्यांत पाहतो: एक ऑक्सिजनचा, दोन कार्बन डायऑक्साइडचे. आता यंत्राने नोंदवलेला आकडा म्हणजे नेमका किती उजेड, हे ठरवायचं. त्यासाठी उपकरणातच दिवे आहेत, सूर्याचा उजेड पसरवून आत घेणारा पडदा आहे, शिवाय अधूनमधून चंद्राकडे रोख वळवतात. दिवे नि पडदा काळाबरोबर बदलतात, चंद्राचा पृष्ठभाग बदलत नाही. याखेरीज नेवाडातल्या रेलरोड व्हॅलीच्या कोरड्या तळ्यावर उन्हाळ्यात माणसं उपकरणं घेऊन उतरतात आणि उपग्रह डोक्यावरून जाताना जमीन किती उजेड परतवते ते मोजतात. जपानच्या गोसॅट या तशाच उपग्रहाचे लोकही २००९ पासून तिथे असतात. हे सगळं अंशशोधन.

तरंगलांबीचं अंशशोधन निराळं. सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेघांच्या जागा पक्क्या ठाऊक आहेत, त्यांवरून आपली मोजपट्टी सरकली का ते कळतं. इथे 'अंश' हा शब्द अगदी चपखल बसतो.

पडताळणीत मात्र यंत्राला कोणी हात लावत नाही. हिशेब होऊन आलेला वायूचा आकडा टीकॉनच्या केंद्रांशी ताडतात. हे जमिनीवरून थेट सूर्याकडे पाहणाऱ्या वर्णपटमापकांचं जाळं. पहिलं केंद्र २००४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या पार्क फॉल्सला सुरू झालं. हवेत कार्बन डायऑक्साइड ४०० पीपीएमच्या (दहा लाखांत ४०० भाग) वर आहे आणि शोधायचा असतो एखाद-दुसऱ्या पीपीएमचा फरक, म्हणजे पाव-अर्धा टक्का.

मृण्मयी_भा : मग ताडल्यावर फरक निघाला तर? मूळ लेखात 'बायस करेक्शन' आहे. मी 'पूर्वग्रह-दुरुस्ती' लिहून बसलेय. 😬

वर्णपट : पूर्वग्रह माणसाला असतो हो! इथे आकडा विशिष्ट परिस्थितीत एकाच बाजूला झुकतो, धूलिकण जास्त असले की, जमीन फार उजळ असली की. 'कल-दुरुस्ती' म्हणा.

जुनापेठकर : पासंग म्हणा की. तराजूचं एक पारडं जड असेल तर दुसऱ्यात टाकतात तो. वैधमापनवाल्यांच्या कागदांतही 'पडताळणी व मुद्रांकन' असतंच, तेव्हा पडताळणीला माझंही अनुमोदन.

खडूफळा : पासंग शब्द झकास, पण बदनाम आहे. पारड्याखाली चिकटवलेला खडा आठवतो. शिवाय 'पासंगालाही पुरणार नाही'मुळे क्षुल्लकपणाचा वास येतो.

वर्णपट : क्षुल्लक तर इथेही आहेच, पण त्या पीपीएमवरच सगळा खेळ. लपवाछपवी मात्र नाही: ओसीओ-२च्या माहितीसंचात दुरुस्त केलेला आकडा आणि कच्चा आकडा शेजारी-शेजारी देतात. मजकुरात 'कल-दुरुस्ती' ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात पासंगाचा दाखला द्या.

मृण्मयी_भा : तसंच करते. उद्या 'रिट्रीव्हल' घेऊन येते, तयार राहा.