प्रिव्हेलिंग वेजच्या कामावर शिकाऊ मुलाला किती द्यायचं?

तारवाले: नमस्कार मंडळी. अमेरिकेत आमची इलेक्ट्रिकलची छोटी कंपनी आहे. केंद्र सरकारच्या एका इमारतीच्या दुरुस्तीत पहिल्यांदाच सब-काँट्रॅक्ट मिळालंय, म्हणजे प्रिव्हेलिंग वेजचं (सरकारने ठरवलेल्या किमान मजुरीचं) काम. जनरल काँट्रॅक्टर दर आठवड्याला सर्टिफाइड पेरोल, म्हणजे सही करून दिलेला मजुरीचा तपशील, मागतोय. आमचा पगार होतो पंधरा दिवसांनी. शिवाय एक मुलगा आमच्याकडे काम शिकतोय, हाताला चपळ आहे, त्याला इलेक्ट्रिशियनच्या निम्मा दर देतो. सगळ्यांचा आरोग्य विमा कंपनीच भरते. एवढं पुरेल का?

साइटवरचा: या कामापुरता पगार आठवड्यालाच करावा लागेल, त्यात सवलत नाही. ही मजुरी बंधनकारक करणारा डेव्हिस-बेकन कायदा १९३१ चा आहे. मूळ कंत्राट २,००० डॉलरच्या वर असलं की तो लागू, मग तुमचा वाटा केवढाही असो. दरांचा तक्ता, म्हणजे वेज डिटरमिनेशन, कंत्राटासोबतच असतो, तो आधी मागून घ्या. बिल्डिंग, रेसिडेन्शियल, हेवी आणि हायवे या बांधकाम प्रकारांचे दर वेगवेगळे असतात.

हिशेबनीस: तारवाले, मी एका काँट्रॅक्टरकडे पेरोल बघते. त्या मुलाबद्दल आधी लिहिते, कारण अशा कामात तोच भरडला जातो. लेबर डिपार्टमेंटने किंवा राज्याने मान्य केलेल्या अप्रेंटिसशिपमध्ये त्याची नोंद नसेल, तर कायद्याच्या लेखी तो शिकाऊ नाहीच. मग तो हाताने काय करतो एवढंच बघायचं. कंड्युइट (वायरची नळी) वाकवतो, वायर ओढतो, बॉक्स बसवतो? त्या तासांना इलेक्ट्रिशियनचा पूर्ण दर. कचरा उचलतो, साफसफाई करतो, ते तास तक्त्यातल्या लेबररच्या (साध्या मजुराच्या) दराने धरता येतील, पण कुठल्या कामाला किती वेळ गेला हे लिहून ठेवलेलं असेल तरच. नाहीतर सगळेच तास वरच्या दराने.

आमच्याकडे नुसतं ‘८ तास’ लिहिलेली टाइमशीट आली की मी ती परत पाठवते. फोरमन चिडतात, चिडू देत. फोरमन स्वतः आठवड्यात २० टक्क्यांहून जास्त वेळ पाना-पकड हातात धरत असेल, तर तेवढ्या तासांना त्यालाही तक्त्यातला दर लागतो.

विम्याचं म्हणाल तर फ्रिंजमध्ये, म्हणजे मूळ दराशिवाय तासामागे द्यायच्या लाभांच्या रकमेत, तो धरता येतो, पण फक्त कंपनी भरते तेवढाच. वर्षाचा हप्ता वर्षाच्या एकूण तासांनी भागायचा, खाजगी कामांचे तासही धरून. समजा ७,८०० डॉलर आणि २,०८० तास, म्हणजे तासाला ३.७५. तक्त्यात फ्रिंज १५ असेल तर उरलेले ११.२५ रोख द्या. सोशल सिक्युरिटी किंवा वर्कर्स कॉम्पचे (कामावरच्या दुखापतीच्या विम्याचे) पैसे यात धरू नका, ते तसेही कायद्याने भरावेच लागतात.

तारवाले: ताई, मनापासून आभार. मुलाचा दर या आठवड्यापासूनच बदलतो. ओव्हरटाइमला फ्रिंजही दीडपट का?

हिशेबनीस: नाही. दीडपट फक्त मूळ दराची, फ्रिंज मात्र प्रत्येक तासाला. मूळ दर ४०, फ्रिंज १५, तास ५० धरा: ४० तासांचे १,६००, वरच्या १० तासांचे ६००, फ्रिंज ७५०. एकूण २,९५० डॉलर.

आणि बदल ‘या आठवड्यापासून’ नको. काम सुरू झालं असेल तर पहिल्या दिवसापासूनचा फरक काढून त्याच्या हातात द्या, मगच पेरोलवर सही करा. त्या सहीने तुम्ही लिहून देता की प्रत्येकाला पूर्ण मजुरी मिळाली, आणि खोटं लिहून देणं हा गुन्हा आहे.

साइटवरचा: सर्टिफाइड पेरोलसाठी लेबर डिपार्टमेंटचा डब्ल्यूएच-३४७ फॉर्म चालतो. पगाराच्या तारखेपासून ७ दिवसांत पाठवायचा. त्यावर सोशल सिक्युरिटीचा पूर्ण नंबर घालू नका, शेवटचे चार आकडे पुरतात. दरांचा तक्ता साइटवर कामगारांना वाचता येईल असा लावला आहे ना, तेही जाऊन बघा. त्या मुलालाही दाखवा.

तारवाले: उद्या सकाळी तेच करतो. फरकाचा चेकही सोबत नेतो.