विषय: मंडळाचा ट्रेलर कोणाच्या नावावर नोंदवायचा?

सर्वांना नमस्कार,

स्टेजचं सामान न्यायला एक वापरलेला ट्रेलर पाहिलाय. मालकाकडे टायटल (मालकीचा सरकारी कागद) आहे, शनिवारी आणायचा विचार आहे. मंडळाच्या नावावर करायचा तर डीएमव्हीत, म्हणजे इथल्या अमेरिकेतल्या वाहन नोंदणी कार्यालयात, फार खेपा पडतात असं ऐकलं, म्हणून सध्या माझ्या नावावर करून घेऊ का? कोणी हे केलं असेल तर कृपया कळवा.

– सचिव

---

सचिवताई, नमस्कार.

गेल्या वर्षी माझ्या ट्रेलरसाठी तीन खेपा झाल्या, त्यातल्या दोन एका अक्षरापायी. म्हणून आधी तेच सांगतो. पैसे देण्याआधी ट्रेलरच्या पुढच्या भागात, डाव्या अंगाला विन नंबरची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची, पट्टी शोधा. ओल्या फडक्याने पुसा, फोनचा टॉर्च तिरका धरा. एकाने पट्टीवरचं वाचायचं, दुसऱ्याने टायटलवर बोट ठेवत जुळवायचं. 1981 पासूनच्या गाड्यांना 17 अक्षरी नंबर असतो. त्यात आय, ओ आणि क्यू कधीच नसतात, म्हणजे गोल दिसलं की ते शून्यच.

माझ्या टायटलवर 8 च्या जागी बी पडला होता. विनमधलं नववं अक्षर बाकीच्या अक्षरांच्या हिशोबातून येतं, त्यामुळे काउंटरवरच्या बाईंनी नंबर घातला आणि संगणकाने तो लगेच नाकारला. मग तात्पुरता परवाना काढून ट्रेलरच तपासणीला ओढत न्यावा लागला. तोवर विकणारा गाव सोडून गेलेला.

आणि ताई, तुमच्या नावावर अजिबात करू नका. उद्या समिती बदलली, तुमची नोकरी दुसऱ्या राज्यात गेली, तरी दंडाची नोटीस तुमच्या घरी येणार आणि विकायला सही तुमचीच लागणार. मंडळाचं नोंदणीपत्र, ईआयएनचं (संस्थेच्या कर-क्रमांकाचं) पत्र आणि सही कोण करणार याचा समितीचा ठराव, एवढं बरोबर ठेवा. टायटलवर मालकाने तुमच्यासमोर सही करावी. खाडाखोड किंवा व्हाइटनर दिसला तर घेऊ नका, काउंटरवरून परत पाठवतात.

– स्टेज समिती

---

विम्याचं मी बघतो. ट्रेलर गाडीला जोडलेला असताना दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते सहसा ओढणाऱ्या गाडीच्या विम्यात येतं. पण उभा ट्रेलर चोरीला गेला किंवा आतलं साउंडचं सामान गेलं, तर त्याला वेगळा विमा हवा. ताई, पट्टीवर ट्रेलरचं भरलेलं कमाल वजनही लिहिलेलं असतं, तिचा फोटो पाठवा. बऱ्याच राज्यांत नोंदणीची फी वजनावर ठरते.

– खजिनदार

---

दोघांचे मनापासून आभार. आज जाऊन आले. पट्टीवर रंगाचा थर होता, नखाने खरवडून 17 अक्षरं दोनदा जुळवली, सगळी बरोबर आहेत. फोटो जोडलाय.

मात्र टायटलवर अजून कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव आहे. मालक म्हणाले, कर्ज केव्हाच फिटलं. माणूस सरळ वाटला, पण बँकेचं कर्जमुक्तीचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे देणार नाही असं त्यांना सांगून आले. त्यांनी उद्याच बँकेला फोन करतो म्हटलंय. शनिवारचं सामान आपण भाड्याच्या ट्रेलरने नेऊ. ठरावाचा मसुदा रात्री पाठवते.

– सचिव