घाम, धडधड, बीपी: सगळं टेन्शनच?

रानवारा: "धडधड, घाम, बीपी हे मनाचे खेळ, मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींच्या तपासण्या म्हणजे लॅबवाल्यांची लूट" ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. माझ्या बहिणीलाही हेच ऐकवून चिंतेच्या गोळ्या दिल्या होत्या. भांडी घासता घासता ती पांढरीफटक पडायची, ब्लाउज घामाने चिंब, बीपी 210. थोड्या वेळाने सगळं नॉर्मल. शेवटी एका डॉक्टरने रक्तातले मेटानेफ्रिन्स (ॲड्रेनलिनसारख्या हार्मोन्सपासून बनणारे पदार्थ) तपासले, मग सीटीत फिओ, म्हणजे ही हार्मोन्स सोडणारी ॲड्रिनलची गाठ, दिसला. ऑपरेशन झालं, आज बीपीची एकही गोळी नाही. ही लूट?

स्टेथोवाला: ताईंचं निदान झालं हे उत्तमच. पण हजार बीपीवाल्यांत फिओ निघतो जेमतेम दोन ते सहा जणांना. सरसकट तपासलं तर खोटे पॉझिटिव्हच, म्हणजे आजार नसताना आहे म्हणणारे रिपोर्ट, जास्त येतील. शिवाय रक्त घेण्याआधी पेशंटला 20-30 मिनिटं आडवं ठेवायचं असतं. ते कोण पाळतं?

कोथरूडची काकू: कुणीच नाही! आमच्याकडे रक्त न्यायला आलेल्या लॅबच्या पोराला म्हटलं, यांना जरा झोपू दे. तर म्हणे, "काकू, अजून आठ घरं आहेत." त्याआधी ह्यांचा क्रोमोग्रॅनिन ए, म्हणजे अशा गाठींची रक्तातली खूण, वाढलेला आला. घरात चूल पेटली नाही. अशा गाठी शोधणारा गॅलियमचा डोटाटेट पेट स्कॅन केला, त्यात काही नाही. ह्यांची ॲसिडिटीची रोजची गोळी, पॅन्टोप्राझोल, चालू होती, तिनेच आकडा वाढतो म्हणे. आधी विचारायला तोंड दुखत होतं का?

लॅबमधला: काकू, पोराला कशाला बोलता? चिठ्ठीवर "झोपवून घ्या" असं डॉक्टर लिहितच नाहीत. त्याला घरागणिक पैसे मिळतात.

कोथरूडची काकू: मग पेशंटनेच सगळं शिकून यायचं का?

रानवारा: लॅबचं भांडण बाजूला ठेवा. सरसकट तपासा असं मी म्हटलंच नाही. झटके येणाऱ्या बाईला तरी तपासाल की नाही? आणि ॲल्डोस्टेरॉनचं, म्हणजे बीपी वाढवणाऱ्या ॲड्रिनलच्याच दुसऱ्या हार्मोनचं, काय? हार्मोनतज्ज्ञांच्या एंडोक्राइन सोसायटीच्या 2025 च्या सूचनांत बीपीच्या प्रत्येक पेशंटची ती तपासणी सुचवली आहे.

स्टेथोवाला: ॲल्डोस्टेरॉनचं मान्य, ते जास्त होण्याचा आजार दुर्मिळ नाही. झटके येत असतील तर मेटानेफ्रिन्स करायलाच हवेत, तेही मान्य. बाकीच्यांना फिओच्या नावाने घाबरवू नका, एवढंच. ताईंची जनुकीय तपासणी केली का? फिओच्या जवळपास तिघांतल्या एका पेशंटला जनुकांतला दोष जन्मतः असतो. त्यांच्यात निघाला तर तुम्हालाही तपासावं लागेल.

रानवारा: नाही. ऑपरेशननंतर कुणी विषयच काढला नाही.

स्टेथोवाला: मग बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन ताईंना एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनतज्ज्ञाकडे, न्या. एसडीएचबी, व्हीएचएल, आरईटी ही जनुकं तपासायला सांगा. एसडीएचबी निघालं तर गाठ पसरण्याचा धोका जास्त.