नव्या विगार फादरांची ओळख मिस्सेपलीकडे कशी करून घ्यावी?

आगाशीची लेक

सर्वांना नमस्कार. मी मूळची वसईची असून लग्नानंतर गेली अकरा वर्षे गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या एका गावात राहते. आमच्या चर्चमध्ये जूनपासून नवे विगार, म्हणजे चर्चचे प्रमुख पाद्री, आले आहेत. आधीचे फादर, माझे सासरे अंथरुणाला खिळलेले असताना, दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तशरीर (वेदीवर पवित्र केलेली भाकर) घेऊन घरी येत आणि प्रार्थना झाली तरी लगेच न उठता, खाटेजवळच्या स्टुलावर बसून त्यांच्याशी भाताच्या लावणीविषयी बोलत. अशा माणसाची बदली झाली की घरातलेच कोणी दूर गेल्यासारखे वाटते.

नव्या फादरांविषयी माझी काहीही तक्रार नाही. त्यांचा शेर्मांव (प्रवचन) मोजका आणि मन लावून तयार केलेला असतो. परंतु मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्यावर ते दारापाशी उभे राहून दोन शब्द बोलतात आणि आत निघून जातात. वेदीवर दिसतात त्यापलीकडे ते मला मुळीच ठाऊक नाहीत. त्यातच माझी प्रार्थनेची भाषा मराठी. इथले गायनाचे पुस्तक रोमी लिपीतल्या कोंकणीत आहे, त्यातले 'एक्स' हे अक्षर 'श' असे वाचायचे हे कळायलाच मला वर्ष लागले, आणि कुमसाराला, म्हणजे पाद्रींपुढे पापांची कबुली द्यायला, बसल्यावर अजूनही मला मराठीच सुचते. अशा वेळी पुढाकार कोणी घ्यावा? त्यांना जेवायला बोलवावे, की आधी कार्यालयात जाऊन भेटावे?

सासष्टीकर

ताई, आपण पुढाकार घेतल्यास त्यात आगाऊपणा मुळीच नाही. १९८३ च्या चर्च-कायद्याचे ५२९ वे कलमच सांगते की विगारांनी आपल्या लोकांना ओळखण्याची धडपड करावी, कुटुंबांना भेटी द्याव्यात आणि त्यांच्या चिंता व दुःखे वाटून घ्यावीत. म्हणजे आपण त्यांच्या कामात अडथळा आणत नसून त्यांचे कामच थोडे सोपे करत आहात.

जेवणाची मात्र घाई करू नये, असे माझे मत आहे. नवे पाद्री आले की पहिल्या दोन-तीन महिन्यांत जेवणाची आमंत्रणे आणि गावातली जुनी भांडणे दोन्ही एकदमच त्यांच्या दारी येतात, आणि कोण कशासाठी गोड बोलत आहे हे ओळखणे नवख्या माणसाला जड जाते. त्यापेक्षा ते हाताने काही करत असतील तिथे जावे. आमच्या राय गावात ५ ऑगस्टला कणसांचे फेस्त (सण) असते आणि पाद्री शेतात जाऊन नव्या कणसांना आशीर्वाद देतात. एका वर्षी नवे आलेले फादर कोयता घेऊन वाकले आणि त्यांनी कणसांची मूठ मनगट आत वळवून अशी धरली, की हा माणूस शेतावर वाढलेला आहे हे मला तत्काळ कळले. परतताना मी तेवढेच विचारले. चर्च येईपर्यंत ते आपल्या आईच्या शेताविषयी बोलत राहिले. मला काही बोलावेच लागले नाही.

पाद्रीची बहीण

माझा धाकटा भाऊ पाद्री आहे, म्हणून पलीकडची बाजू सांगते. बदलीचे पत्र आले की त्याला ओळखीची सगळी घरे एकदमच सोडावी लागतात आणि नव्या जागी पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी अंत्यविधीला उभे राहावे लागते. ज्यांची नावेही ठाऊक नाहीत अशांचे सांत्वन करणे किती कठीण असते, हे तो मला सांगत असे. त्याच्या मनाला सर्वांत लागणारे वाक्य एकच: "आधीचे फादर असे करायचे." ताई, आपल्या सासऱ्यांची आठवण त्यांना अवश्य सांगा, पण ती सासऱ्यांची म्हणून सांगा, आधीच्या फादरांची म्हणून नव्हे. आणि ते कमी बोलतात म्हणून लगेच मन खट्टू करून घेऊ नका. माझा भाऊही पहिले वर्षभर असाच होता.

जुना मास्तर, मडगाव

मी हिंदू असून मराठीचा निवृत्त शिक्षक आहे, तरी या विषयावर लिहावेसे वाटले. आपल्या भाषेचा आपण संकोच बाळगू नये. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे चाळीस वर्षे येथे, मुख्यतः सासष्टीत, काढली, आणि १६१६ मध्ये राशोल येथे छापलेले त्यांचे क्रिस्तपुराण मराठी ओवीत आहे. परक्या देशातून आलेला पाद्री लोकांपासून त्यांची भाषा शिकला, तर गोव्यातच वाढलेल्या पाद्रींना आपली मराठी परकी कशी वाटेल? आमच्या शेजारच्या फादरांशी माझी मैत्री याच ओव्यांमुळे झाली. एक जुना शब्द त्यांना अडला होता, तो विचारायला ते माझ्या ओसरीवर आले आणि त्यानंतर वरचेवर येऊ लागले. काही मागण्यासाठी गेल्यास संकोच वाटतो हे खरे, परंतु काही शिकण्यासाठी गेलेल्या माणसाला कोणीही परत पाठवत नाही.

आगाशीची लेक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मास्तरांचे वाचून धीर आला आणि काल मी गायनाचे पुस्तकच घेऊन कार्यालयात गेले. एक ओळ मला नीट वाचता येत नाही, एवढेच सांगितले. फादरांनी खुर्ची पुढे ओढली, पेन्सिल घेतली आणि त्या रोमी ओळीच्या वर देवनागरीत अक्षरे लिहू लागले. शाळेत शिकलेली देवनागरी फार वर्षांनी हातात धरली आहे म्हणाले. 'क्ष'पाशी थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिले, तेव्हा तो मी काढून दाखवला. मग घरी कोण कोण असते हे त्यांनीच विचारले आणि मी सासऱ्यांविषयी सांगितले. सासरे कोणत्या कुणग्यात (भातशेताच्या तुकड्यात) लावणी करत, हेही त्यांनी विचारून घेतले. पुस्तक त्यांनी ठेवून घेतले आहे. उरलेली पाने सावकाश लिहून देणार आहेत.