दुनळी बंदुकीच्या नळीतील करडा थर कसा काढावा?

प्रश्न

नमस्कार. वडिलांची बाराबोअरची दुनळी बंदूक आता रीतसर माझ्या परवान्यावर आहे. काजूच्या बागेत माकडांचा उपद्रव असल्यामुळे वर्षाकाठी पंधरा-वीस बार हवेत काढावे लागतात. गेल्या निवडणुकीच्या वेळी बंदूक नियमाप्रमाणे जमा केली, परंतु जमा करण्यापूर्वी नळ्यांत तेल फिरवायचे माझ्याकडून राहून गेले आणि ती परत मिळेपर्यंत अर्धा पावसाळा उलटला होता.

आता उजेडाकडे धरून पाहिल्यास दोन्ही नळ्यांत चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या भागाच्या, लगेच पुढे करडे, लांबट पट्टे दिसतात आणि उजव्या नळीच्या तोंडापासून चार बोटे आत काळपट ठिपके दिसतात. रॉकेलची चिंधी, खोबरेल तेल, नायलॉनचा ब्रश हे सारे करून झाले, पण पट्टे हलत नाहीत. काठीला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून घासावे असे एका परिचितांनी सुचवले आहे. तसे करावे का?

पहिले उत्तर

पॉलिश पेपर कृपया नळीत घालू नका. नळीच्या तोंडाजवळचा भाग, म्हणजे चोक, मुद्दाम किंचित अरुंद केलेला असतो. बाराबोअरमध्ये नळीचा व्यास साधारण 18.5 मिलिमीटर असतो आणि पूर्ण चोक त्याहून जेमतेम 1 मिलिमीटरने अरुंद असतो. छर्रे किती पसरणार हे त्या एवढ्याशा फरकावर ठरते, आणि हाताने घासलेला कागद सगळीकडे सारखा लागत नाही. थर निघेलही, पण त्याबरोबर गेलेले पोलाद परत येणार नाही.

आधी थर कशाचा आहे हे ओळखा. ब्रश फिरवल्यानंतर पांढरी सुती चिंधी गजाने आरपार काढा आणि ती उन्हात नेऊन पाहा. चंदेरी, मऊ कण दिसले तर ते शिसे आहे. दुधी किंवा काडतुसातील वॅडच्या (दारू आणि छर्रे यांच्यामधल्या दट्ट्याच्या) रंगाच्या पापुद्र्या दिसल्या तर ते प्लास्टिक. नुसती काळी काजळी असेल तर दारूची राख. आणि विटकरी डाग पडला तर गंज. जुन्या काडतुसांत नमद्याचे व पुठ्ठ्याचे वॅड असत, त्यामुळे छर्रे थेट नळीला घासत आणि शिसे चिकटे. पुढे छर्ऱ्यांभोवती प्लास्टिकची वाटी आली, शिशाचा त्रास कमी झाला, पण प्लास्टिक मागे राहू लागले. वडिलांच्या काळापासून दोन्ही प्रकारची काडतुसे वापरली गेली असतील तर एकावर एक असे दोन्ही थर असू शकतात. म्हणूनच एकाच द्रावणाने सगळे सुटेल अशी अपेक्षा धरता येत नाही.

दुसरे उत्तर

वरील म्हणणे बरोबर आहे. माझी पद्धत सांगतो. मी अनेक वर्षे ट्रॅप, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्यांवरची, नेमबाजी करतो आणि नळीत शिसे साचण्याचा प्रसंग माझ्यावर बऱ्याचदा आला आहे.

प्रथम दोन्ही चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा आणि नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करा. नळीच्या तोंडाला रबरी बूच लावून ती उभी ठेवा आणि गंज सोडवणारे पातळ तेल चेंबरच्या बाजूने ओता. तीस इंची नळीत साधारण 200 मिलिलिटर मावते. रात्रभर तसेच राहू द्या, कारण तेलाला थराच्या कडेखाली शिरायला वेळ लागतो आणि खरे काम तेथेच होते. सकाळी बूच काढले आहे याची नळीतून आरपार पाहून खात्री करा. नळीत बोटभर अडथळा राहिला आणि बार झाला तर नळी फुगते किंवा फाटते.

त्यानंतर नायलॉनचा नव्हे, फॉस्फर ब्राँझचा बाराबोअरचा ब्रश घ्या. तो चेंबरकडून आत घालून तोंडातून पूर्ण बाहेर काढा, मध्येच उलटा फिरवू नका. वीस-पंचवीस फेऱ्यांनंतरही पट्टे उरले तर झिजलेल्या ब्रशवर चार शून्य क्रमांकाची, सर्वांत बारीक स्टील वूल गुंडाळून, भरपूर तेल लावून, फक्त त्या पट्ट्यांच्या जागी फिरवा. रायफलसाठी मिळणारे अमोनियायुक्त द्रावण विकत घेऊ नका. ते तांब्यावर चालते आणि तुमच्या नळीत तांबे नाही. ॲसिटोननेही वॅडचे प्लास्टिक विरघळत नाही, उलट दस्त्याचे पॉलिश जाते. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे मिश्रण शिसे विरघळवते हे खरे, परंतु त्यातून विषारी क्षार तयार होतो आणि पोलादही खाल्ले जाते. घरात लहान मुले असताना हा प्रयोग कोणीही करू नये.

हातमोजे घाला, पडवीत मोकळ्या हवेत बसा, आणि शिसे लागलेल्या चिंध्या चुलीत जाळू नका.

तिसरे उत्तर

एक भर घालतो. आमच्या भागात अजून काही घरांत परवान्याच्या ठासणीच्या बंदुका आहेत आणि तेथे हीच पद्धत पुरी पडत नाही. काळ्या दारूचे निम्म्याहून अधिक वजन जळल्यानंतरही घनरूपात मागे राहते. त्यातील क्षार हवेतील ओलावा ओढून घेतात आणि ते पाण्यात विरघळतात, तेलात नव्हे. क्षारावर तेल चढवले तर गंज तेलाखाली चालूच राहतो. अशा नळीला आधी कढत पाणी, मग कोरडी चिंधी, मग पूर्ण वाळल्यावर तेल, हाच क्रम पाळावा लागतो. फार जुन्या काडतुसांच्या टोपीतही (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या भागातही) असे क्षार सोडणारा मसाला असे, त्यामुळे वडिलांच्या वेळची काडतुसे वापरली असतील तर तुमच्याही नळ्यांना एकदा कढत पाणी दाखवावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पॉलिश पेपर नळीत गेला नाही. कढत पाणी, मग दोन रात्री तेल आणि ब्राँझचा ब्रश एवढे केल्यावर चिंधीवर आधी दुधी पापुद्र्या आल्या आणि त्यांच्याखालून चंदेरी कण. डाव्या नळीतील पट्टे पूर्ण गेले, उजवीत एक पुसट रेघ उरली आहे.

काळपट ठिपके मात्र जागचे हलले नाहीत. त्यांचा आकारही बदलला नाही.

दुसरे उत्तर देणाऱ्यांकडून

मग तो थर नाही, गंजाने पोलादात पडलेले खड्डे आहेत. ते घासून जाणार नाहीत आणि घासूही नयेत. परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून त्यांची खोली आणि त्या जागी नळीच्या भिंतीची जाडी मोजून घ्या, आणि तोपर्यंत उजव्या नळीतून बार काढू नका.